नफ्याच्या चौपटीत

ऑफिसात कुणी शिर्डीचे पेढे वाटले की खव्याच्या वासासरशी आमचं प्रसादाचं दुकान आठवतं. मी शाळेत असताना एका दुपारी उदबत्त्यांच्या धुरात बाबा काकांना मोबाईलवर एक शेअर दाखवत होते. "पीई फक्त चार! म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या चौपटीत अख्खी कंपनी मिळतीय, इतकी स्वस्त. दुकान विकून हेच घ्यायचं." मी हळूच म्हणाले, "बाबा, कंपनीवाल्यांनी त्यांची जागा विकली म्हणून यंदा नफा फुगलाय. दरवर्षी कुठली जागा विकतील?" काका हसले, "घाल अजून इंग्रजी शाळेत! बापालाच शिकवती." दुकान विकलं. पुढच्या वर्षी कंपनीचा नफा आटला, शेअर कोसळला. आता बाबा त्याच दुकानात पगारावर पेढे भरतात. मी समोरून गेले तर आम्ही दोघंही एकमेकांना न पाहिल्यासारखं करतो.