निम्म्या भाड्याची चूल

१४ मे १९७४. काठमांडू. दोन खोल्या आणि वर चूल, आठ दिवसांचं भाडं ऐंशी रुपये, निम्मं माझं. हजर चौघं: मी, माझी बायको, बापूराव गुरुजी आणि त्यांच्या मंडळी, ज्यांना आम्ही वहिनी म्हणायचो.

बायकोनं गल्लीतल्या धारेवरून, दगडी तोटीतून अखंड पाणी पडतं तिथून, हंडा भरून आणला. बेचाळीस पायऱ्या. त्या मुलखात चूल सगळ्यात वरच्या मजल्यावर, छपराखाली असते, तिथवर ती चढली. वहिनी म्हणाल्या, "ते मोरीत वत. पाणी मी आणते. तू भांडी तेवढी घास."

धारेवर वहिनी तिच्याच मागं उभ्या होत्या. तिथलं पाणी त्यांना चाललं होतं.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "वत. परमुलखात वाद नको." तिनं ओतलं. हे मी बोललो, हे लिहून ठेवतो.

बापूराव तीर्थपुरीचे, घरी जमीन. मी घनसावंगीजवळचा, छप्पन साली आमच्या घरानं बुद्धाची दीक्षा घेतली. दोघं एकाच शाळेत मास्तर. त्यांना पशुपतिनाथ करायचा होता, आम्हाला लुंबिनी. "खर्चा निम्मा पडंल," असं तेच म्हणाले होते. शाळेत ते माझ्याशेजारी बसून चहा प्यायचे. त्यावरून मी त्यांचा अंदाज बांधला. चुकला. शाळेत तपासणीला साहेब येतो. इथं कोण येणार होतं?

चार दिवस आम्ही जिन्यात बसून जेवलो. वहिनी वरून भाकरी टाकायच्या. घरमालकिणीला पहिल्या दिवशी आमची जात ठाऊक नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनंही आमचे पेले वेगळे ठेवले. तिच्या देव्हाऱ्यात बुद्ध होता. सरहद्दीवर आमच्या पेट्या उघडून पाहिल्या होत्या. बापूरावांनी सोबत काय आणलंय ते कुणाला दिसलं नाही.

पाचव्या सकाळी वहिनींनी वरून विचारलं, "भांडी झाली का गं?"

बायको म्हणाली, "घासते की. मंग भाडं बी समदं तुमीच भरा. मोलकरीण भाडं भरून राह्यली, आसं कुठं आयकलं का, वहिनी?"

मला लाज वाटली. हे मी बोलायला हवं होतं. मी हंडा उचलला, धारेवर भरला, वर नेऊन चुलीशेजारी ठेवला आणि चूल पेटवली.

"गुरुजी, काय करून राह्यले? तमाशा नका करू," बापूराव म्हणाले.

"चहा करतोय. निम्मी चूल माझी आहे."

"पैशाचं न्हाई हो. रीतीचं हाय. आपल्या लोकांत कळलं तर?"

"इथं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हीच सांगितलं."

ते खाली गेले. उरलेले दिवस त्या नवरा-बायकोनं केळी-चिवड्यावर काढले. आम्ही चुलीपाशी बसून, सोबत आणलेल्या पिठाची भाकरी गरम खाल्ली. गोड लागली असं म्हणणार नाही.

निघताना बापूरावांनी घरमालकिणीला हिंदीत सांगितलं, चार दिवस चूल आमच्या कामाची नव्हती, वीसच देणार. बाकीचे हे देतील. ती माझ्याकडं पाहू लागली. पूर्वीचा मी असतो तर दिले असते. वाद नको म्हणून.

त्या जिन्यात मी ठरवलं. जिथं माझ्या बायकोनं भरलेलं पाणी चालत नाही, तिथं मी बसणार नाही, जेवणार नाही, वाकणार नाही. गावातही. शाळेतही. आणि गप्प तर बिलकुल राहणार नाही.

मी चाळीस रुपये घरमालकिणीच्या हातावर मोजून ठेवले. वरचे वीस दिले नाहीत.