मैदानाचं फाटक

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हती. शेवटच्या आजारात ते दिवसचे दिवस पडून असायचे आणि मी उशाशी बसलेली — तेव्हा दोनदा अगदी ओठांवर आली होती. दोन्ही वेळा मी त्यांना पाणी हवंय का म्हणून विचारलं. ते गेले. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून असेल. घरच्या माणसाला सांगायला जी छाती लागते ती माझ्याकडे कधीच नव्हती, आणि आता पंचाहत्तरीत ती कुठून यायची?

मोहन माझा मुलगा. म्हणजे — माझ्या पोटचा नाही. थांबा, नीट सांगते.

माझं माहेर पारनेरकडचं. वडील लवकर गेले, भावांना मला उजवून मोकळं व्हायची घाई होती, म्हणून कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यातल्या फिटरला दिली. बिजवर. पहिली बायको तापानं गेलेली, मागे आठ वर्षांचा मुलगा. माणूस चांगला होता, कॉलनीतल्या दोन खोल्या होत्या, नळ दारात होता. तक्रारीला जागा नव्हती. फक्त तो मुलगा मला हाक मारत नसे.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच. उलटून बोलायचा नाही, ताटातलं टाकायचा नाही, सांगितलेलं काम करायचा. पण काही हवं असलं की समोर येऊन उभा राहायचा — मी बघेपर्यंत. मी बघितलं की मग बोलायचा. आई नाही, मावशी नाही, काकूसुद्धा नाही. दोन वर्षं मी त्या घरात बिननावाची होते. शेजारणी विचारायच्या, पोरगं काय म्हणतं गं तुला? मी हसून वेळ मारून न्यायचे आणि घरात येऊन भांडी जरा जोरातच आदळायचे.

त्याचा सगळा जीव क्रिकेटमध्ये. कारखान्याच्या सुतारानं फळी तासून त्याला बॅट करून दिली होती, आणि उसाच्या चोथ्याच्या ढिगामागे कॉलनीतली पोरं दिवेलागणीपर्यंत खेळायची. आदल्या वर्षी आपला संघ परदेशात जाऊन जिंकून आला, तेव्हा तर हा रेडिओपुढून हलला नव्हता. हे वेड त्याच्या आईचं. ती गिरगावातली. लहानपणी तिच्या वडिलांनी तिला चर्चगेटजवळच्या त्या मोठ्या मैदानात नेलं होतं, आणि तिनं पोराला कबूल केलं होतं — मी तुला तिथं नेईन. ते राहून गेलं. मोहनची बोलीसुद्धा तिचीच होती, मुंबईची, स्वच्छ. माझं हाय-न्हाई ऐकून तो कधी हसला नाही, हे खरं. पण मला आपलं वाटायचं, आतल्या आत हसतोय.

मी काही केलं नाही असं नाही. पांढरं कापड आणून त्याला खेळायचा सदरा शिवला होता. त्यानं तो घातला, बाह्या ओढून बघितल्या, आणि खेळायला गेला.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आधीचा तो उन्हाळा. ऊस संपून कारखाना बंद झाला होता आणि यंत्रं उघडून दुरुस्तीला घेतलेली, म्हणजे फिटरला रजा मिळायची नाही. नवऱ्यानंच काढलं की मी आणि मोहननं मुंबई बघून यावी. लालबागला त्यांची थोरली बहीण राहायची, तिच्याकडे उतरायचं.

"तुमी दोघंच जावा," ते म्हणाले. "मी नसलो म्हंजी एकमेकांशी बोलाल तरी."

मग संध्याकाळी ओट्यावर बसून ठरवाठरवी. राणीची बाग, म्हातारीचा बूट, काचेतले मासे, महालक्ष्मी. मी समुद्र पाहिला नव्हता, मला समुद्र हवा होता. मोहनला एकच हवं होतं. नवरा म्हणाले, मैदान पहिल्याच दिवशी दाखव, म्हणजे पोराचा जीव थाऱ्यावर येईल आणि बाकीचं तो नीट बघेल. शहाणपणाचं बोलणं होतं. मी म्हटलं, ते शेवटी ठेवू, गोड घास शेवटी. मोहननं माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाला.

खरं कारण सांगू? मैदान माझ्या हातात राहावं म्हणून. जोवर ते बाकी आहे तोवर तो माझ्या मागं मागं येईल, माझं ऐकेल, आणि त्या चार दिवसांत कधीतरी — कधीतरी एकदा — मला हाक मारेल. दहा वर्षांच्या पोराशी मी असला डाव मांडला होता.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आम्ही निघालो. मनमाडला गाडी बदलली. मुंबई बघितली, म्हणजे मी बघितली. राणीच्या बागेत तो हत्तीकडे पाठ करून रस्त्यावर चेंडू खेळणारी पोरं बघत होता. म्हातारीच्या बुटात चढलाच नाही; असल्यात लहान मुलं चढतात म्हणाला. मी म्हटलं, नीट वागला नाहीस तर मैदान राहील हं. असं मी किती वेळा म्हटलं असेन? दरवेळी तो मुकाट चालू लागायचा. आणि घरी आलं की वन्सं त्याच्या आईच्या गोष्टी काढायच्या — ती कशी हसायची, ती कशी झपझप चालायची. मी त्यांच्या चुलीपुढं, म्हणजे स्टोव्हपुढं बसून पोळ्या लाटत ऐकायचे.

तिसऱ्या दिवशी चौपाटी. समुद्र! मी जपून पाऊल टाकत नाही, धावतच पाण्यात गेले. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, पायाखालची वाळू सरकत होती, आणि मी मोठ्यानं हसले — लग्नानंतर पहिल्यांदा असेल. ते दाखवायला वळून मोहनला हाक मारली. तो थोड्याच अंतरावर अनोळखी पोरांचा चेंडू अडवत होता. तिथली एक बाई त्याला म्हणाली, अरे, तुझी आई बोलावतेय. तो म्हणाला, "ती माझी आई नाही."

रागानं नाही म्हणाला. एखाद्याला चुकीचा पत्ता दुरुस्त करून द्यावा, तसं म्हणाला. मी ऐकलं हे त्याला कळलंसुद्धा नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मैदान.

सकाळी माझ्या आधी तो आंघोळ करून तयार. केसांना तेल, भांग, मी शिवलेला पांढरा सदरा. चर्चगेटपासून आम्ही चालत गेलो. सामना वगैरे काही नव्हता, मे महिन्याचं ऊन, भिंतीलगत शुकशुकाट. फाटक दिसलं तसा तो रस्त्याच्या अलीकडेच थांबला. आणि आपण होऊन माझ्याशी बोलला — त्या चार दिवसांत पहिल्यांदाच.

"आई म्हणायची, आत गेलं की आधी नुसतं हिरवंगार दिसतं. मग बाकीचं."

मी म्हटलं, तू हितंच थांब, मी इचारून येते.

फाटकाशी एक म्हातारा पहारेकरी स्टुलावर बसला होता. मी बोलायला तोंड उघडलं तशी त्यानं माझी बोली ओळखली. कुठल्या म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो संगमनेरचा निघाला. माझा जीव खरंच हलका झाला तेव्हा — हे सांगायलाच हवं, की त्या घटकेपर्यंत माझ्या मनात काही वाकडं नव्हतं. मी त्याला पोराचं सांगितलं. आई नसलेलं पोर आहे, असंही सांगितलं. काम व्हावं म्हणून आपण सांगतो ना, तसं.

"मंग आना की त्याला," तो म्हणाला. "बघू द्या घटकाभर. फकस्त गवतावर पाय ठिऊ देऊ नका." आणि त्यानं उठून फाटकाचं एक दार ढकललं.

मी वळले. पलीकडे मोहन उभा होता. सदरा चड्डीत नीट खोचत होता. मग तळव्यावर थुंकी घेऊन त्यानं केस चापून बसवले, चपला झटकल्या. कुणाला तरी भेटायला निघालेलं पोर. मला लख्ख दिसलं, हा आत जाईल, ते हिरवंगार बघेल, आणि त्याला त्याची आई भेटेल. मग मी कोण? वाट दाखवणारी बाई. रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो? तेवढ्यात मी ठरवलं. ठरवलं म्हणते, कारण चुकून तोंडातून गेलं असं नाही झालं.

"न्हाई सोडत म्हनतो," मी म्हटलं.

माझे डोळे भरून आले होते. कशानं ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. दया असेल, चीड असेल, स्वतःची लाज असेल. मोहननं फाटकाकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी रडते आहे.

"जाऊ दे, आई," तो म्हणाला. "तू विचारलंस ना."

आई. आणि तू. दोन्ही एकदम.

तेव्हासुद्धा वेळ गेलेली नव्हती. हेच मला तुम्हाला सांगायचं आहे, बाकी सगळं त्याच्यासाठी. फाटक उघडंच होतं. तो म्हातारा, आम्ही येत का नाही म्हणून, दारात उभा राहून हात हलवत होता. मोहननं ते बघितलं आणि विचारलं, ते हात का करतायत?

मी म्हणू शकले असते, अरे, बोलावतायत, चल. एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती हाक राहिली असती का?

"जावा म्हनतोय," मी म्हटलं. आणि पोराचा हात धरून चालू लागले. त्यानं हात सोडवून घेतला नाही.

पहिलं खोटं मी जळफळाटात बोलले. दुसरं बोलताना माझ्या मनात जळफळाट नव्हता. मी सुखात होते. मनमाडपर्यंत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते, इतकी सुखात मी त्याआधी कधी नव्हते.

घरी आल्यावर त्यानं वडिलांना सांगितलं, आईनं पहारेकऱ्याच्या किती विनवण्या केल्या, रडली, तरी त्यानं सोडलं नाही. नवऱ्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं — ती नजर मी पुढं चाळीस वर्षं सांभाळली. मला पुढं मूल झालं नाही. झालं असतं तरी मोहनसारखं निघालं असतं का कोण जाणे. तापात माझे पाय चेपणारा, पहिला पगार माझ्या हातावर ठेवणारा, बायकोला पहिल्या दिवशी सांगणारा की या घरात आईचं मन मोडायचं नाही.

त्याच मैदानाच्या जवळ पुढं दुसरं मैदान झालं आणि मोठे सामने तिकडं होऊ लागले. मोहन त्या दुसऱ्या मैदानात कितीदा तरी गेला. पहिल्यात एकदाही नाही. एकदा मित्रांनी ओळख काढून आत जायची सोय केली होती, तर हा बाहेर रस्त्यावर थांबला. जिथून माझ्या आईला रडत परत यावं लागलं तिथं मी पाय ठेवणार नाही, म्हणाला. हे तो पाहुण्यांना सांगतो, मास्तर होता तेव्हा शाळेतल्या पोरांना सांगायचा, व्याह्यांना सांगतो. मी तिथंच असते. कुणी कौतुकानं माझ्याकडे बघितलं की मी खाली बघते, आणि लोकांना तो माझा साधेपणा वाटतो.

मागच्या महिन्यात नातीनं मुंबईचा बेत काढला. तीही खेळवेडी, बापापेक्षा काकणभर जास्तच. जेवताना म्हणाली, बाबा, आता बास झालं, या खेपेला ते मैदान बघायचंच. मोहन साठी ओलांडलेला, केस पांढरे. हातातला भाकरीचा तुकडा त्यानं ताटात ठेवला. मग म्हणाला, आई येणार असेल तर जाऊ. आधी तिला आत नेऊ, मग मी जाईन.

दोघं माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, माझे गुडघे धरलेत, मला आता एवढा प्रवास झेपायचा न्हाई.

गुडघे माझे ठीक आहेत. त्याच आठवड्यात मी शिर्डीला जाऊन आले होते, रांगेत उभी राहून.

"मग राहू दे," मोहन म्हणाला. नात जरा रुसली. त्यानं आमटी मागितली, मी वाढली, आणि बेत तिथंच मोडला.

तो आत्ता बाहेरच्या खोलीत आहे. त्याचा चष्मा कुठं दिसतोय का ते मला विचारतोय, आई म्हणूनच विचारतोय, आणि मी ओ देते आहे. फाटक उघडं होतं. त्याच्यासाठी उघडलं होतं, आणि मी त्याला ते बंद आहे म्हणून सांगितलं.