टेलरीणबाईंची नवी वीत

सकाळी डबे भरून झाकणं लावत होते, तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार कोण वाजवतं? साखळी न काढता फटीतून पाहिलं. विशीतली उंच मुलगी. मानेवर नव्या शरीराचा निळा नंबर.

"वहिनी, उघडा. मी टेलरीणबाई."

खालच्या मजल्यावरच्या टेलरीणबाई साठीच्या, ठेंगण्या. शरीर साथ देईना म्हणून तीन महिन्यांपूर्वी त्यांना नव्या शरीरात हलवायला नेलं होतं. पण चोरलेल्या आठवणी भलत्याच अंगात भरून घरं लुटणारेही हल्ली फिरतात. आतून हे ओरडले, "साखळी काढू नकोस!"

"माझा कुठला खांदा उतरता आहे?" मी विचारलं.

"डावा. एकोणीस वर्षं तुमच्या ब्लाउजात गादी शिवून लपवतेय. आता जिनाभर ओरडून सांगू?"

उत्तर बरोबर. टोमणाही त्यांचाच. पण आठवणी चोरल्या की टोमणे आलेच की त्यांत.

"मग स्वतःच्या घरी का नाही गेलात?"

"गेले ना! काल यांना सदरा शिवला, आज सकाळी घातला तर चांगला ढगळ झाला. म्हणाले, माझ्या बायकोचं माप चुकत नाही, तू कोण? आणि काढलं बाहेर. लोक तरुण बायको मिळाली म्हणून नाचतील, वहिनी. आमचे आत बसून रडताहेत."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. लांब, नितळ बोटं. सुई टोचल्याची एक खूण नाही. टेलरीणबाईंनी जन्मात टेप वापरली नाही. पाठीवर वीत टेकवायची, पुटपुटत मोजायचं आणि थेट कात्री लावायची.

"माप कशानं घेतलंत?"

"कशानं म्हणजे? वितीनं. पाठीला अडीच, नेहमीसारखं."

मी फटीतून हात बाहेर काढला. "लावा तुमचा."

पूर्वी आमच्या विती सारख्या भरायच्या. आता तिची माझ्यापेक्षा दोन बोटं लांब. ती बघतच राहिली. "अगं बाई! माझ्या डोक्यातच नाही आलं."

एखाद्या भामटीनं गुपचूप टेप लावली असती. परक्या हातावर असा आंधळा विश्वास टाकून कापड बिघडवायला टेलरीणबाईच हव्यात. शंका पुरती गेली म्हणणार नाही. तरी साखळी काढली.

त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "वहिनी, पुढचं मी बघते. तुम्ही फक्त खाली चला आणि त्यांना एकदा दार उघडायला सांगा."