राणीने न म्हटलेलं वाक्य

काल बँकेच्या रांगेत एका वयस्क बाईंचा पाय माझ्या पायावर पडला. "माफ करा हं, मुद्दाम नाही केलं," त्या कानकोंड्या होऊन म्हणाल्या. मला फ्रान्सची ती दुर्दैवी राणी आठवली. गिलोटिनपाशी जल्लादाच्या पायावर चुकून पाय पडला, तेव्हा तीही असंच काहीसं म्हणाली होती. तेच तिचे शेवटचे शब्द, असं सांगतात.

मी इतिहासाची शिक्षिका होते. वर्गात मात्र तिचं दुसरंच वाक्य सांगायचे: लोकांना पाव मिळत नसेल तर त्यांनी केक खावा. मुलं खूप हसायची. एका वर्षी सुनंदा हसली नाही. तिची आई नुकतीच घर सोडून गेली होती आणि गावात तिच्याविषयी काहीबाही बोललं जात होतं.

तास संपल्यावर सुनंदा जवळ आली. "बाई, राणीला असं म्हणताना कुणी ऐकलं होतं?"

"सगळे तसंच सांगतात गं."

"आईबद्दलही सगळेच सांगतात," ती म्हणाली आणि निघून गेली.

मे महिन्याच्या सुट्टीत मी पुस्तकं धुंडाळली. राणी असं म्हणाल्याचा पुरावा कुठेच नव्हता. होती ती चौदाव्या वर्षी परक्या देशात सून म्हणून आलेली मुलगी, आणि अखेरीस कैदेत जिच्या कुशीतून मुलगा ओढून नेला ती आई.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा सुनंदाचा दाखला वडिलांनी काढून नेला होता. नव्या वर्गाला मी खरं काय ते सांगितलं. कुणी हसलं नाही, आणि वहीत कुणी लिहूनही घेतलं नाही.