खालची कॉइल

माझे सासरे बस डेपोत टाइमकीपर होते. तीस वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या. एखादी गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली, तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. माणूस अबोल. मी मात्र तोंडाची फटकळ. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या तोंडामुळेच झालं.

गेल्या हिवाळ्यात आमचा गीझर नीट तापेना. सकाळची पहिली आंघोळ सासऱ्यांची. त्यांच्यामागून मी गेले की केसांना शाम्पू लावेपर्यंत पाणी गार. एवढी मोठी टाकी संपते म्हणजे हे आत अर्धा अर्धा तास बसतात, असं मी ठरवूनच टाकलं. नवऱ्यानेही मान डोलावली; तेवढं एक काम त्याला छान जमतं. थर्मोस्टॅट मी शेवटपर्यंत फिरवून पाहिला, फरक पडला नाही. मिस्त्रीला बोलवावं असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. चोर घरातच सापडला होता ना.

एकदा ओल्या डोक्याने बाहेर येऊन मी त्यांना गाठलंच. पाचच मिनिटं लागली, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला आता वेळेचं भान राहत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्यानंतर आंघोळीला जाऊ लागले. मला कडकडीत पाणी मिळायला लागलं, आणि माझंच खरं होतं याची मला खात्री पटली. त्यांना कसलं पाणी मिळतं, हे मी विचारलंही नाही. आठवड्याभरात त्यांनी नातीला शाळेतून आणणं सोडलं. कारण सांगितलं नाही. म्हातारा रुसला, असं म्हणून मी चार दिवस भांडी आपटली.

हिवाळा सरता सरता टाकीतून पाणी ठिबकू लागलं, तेव्हा मिस्त्री आला. त्याने झाकण काढून मीटर लावला. एवढ्या मोठ्या टाकीत वर-खाली दोन कॉइल असतात, हे मला तेव्हा कळलं. खालची जळून गेली होती, हिवाळ्याच्या आधीच गेली असेल म्हणाला. नुसतं वरचं पाणी तापत होतं. एकाची साधी आंघोळ झाली की खेळ खलास.

"पाच मिनिटांची?" मी विचारलं.

"पाच मिनिटांचीसुद्धा," तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा खिडकीपाशी बसले होते. मी समोर उभी राहून सगळं सांगितलं. माफीचा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. एरवी हेच तोंड कसं चालतं!

मग ते म्हणाले, "मला वाटलं, माझं डोकं काम देईनासं झालं. पोरगी शाळेच्या दारात उभी राहील आणि मला कळणारही नाही, म्हणून..."

हिवाळाभर हा माणूस स्वतःलाच घाबरून बसला होता, आणि मी भांडी आपटत होते.

"म्हणजे मला पाचच मिनिटं लागत होती?" त्यांनी विचारलं.

"पाचच, बाबा."

"परत सांग," ते म्हणाले.