साडभाऊंचे उघडे अवतरणचिन्ह

अर्धवट उघडी राहिलेली वस्तू पाहून ज्याला ताप भरावा, असा मनुष्य उभ्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या वाट्याला साडभाऊ म्हणून आला आहे. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान साकोलीला संगणक शिकवून निवृत्त झाले आणि एकोडीला घरची धानशेती पाहू लागले. एसटीचे दार प्रत्येक थांब्यावर ते स्वतः उठून लावत, शेवटी वाहक म्हणाला, "मास्तर, आता बिल्लाबी तुमीच लावा." लग्नात कुणी गोष्ट अर्धी टाकून जेवायला उठला, तर हे पंगतीत त्याच्यासमोर उभे: "मंग त्या म्हशीचं काय झालं जी?" एकदा बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, चुलीवरच्या दुधावरचे झाकण मुद्दाम तिरपे ठेवले होते. साडभाऊंनी ते नीट बसवले आणि दूध उतू गेले.

"झाकण काहून लावलं जी?" बाई कडाडल्या.

"उघडं होतं."

"तुमचं तोंड तेवढं बंद नाही होत!"

अशा माणसाच्या हाती संगणकाची एक तर्कभाषा लागावी, हा दैवाचा विनोद म्हटला पाहिजे. या भाषेत संगणकाला कामाची कृती सांगत नाहीत. खरे काय आहे, ते सांगतात. कोण कोणाचा बाप हे नोंदवावे, बापाचा बाप तो आजोबा हा नियम द्यावा, की नातू ती आपली आपण शोधते. साडभाऊंनी सारे सोयरे तिच्यात भरले होते. मात्र संगणकाजवळ प्रत्येक अक्षराचा एक क्रमांक असतो. 'क'चा क्रमांक हवा असल्यास या भाषेत आधी शून्य, मग एक अवतरणचिन्ह, मग अक्षर असे लिहितात: 0'क. चिन्ह उघडते, मिटत नाही. कोऱ्या जागेचा क्रमांक हवा असेल, तर चिन्हापुढे नुसती कोरी जागा सोडायची. ती सोडली की राहून गेली, हे कोणाला दिसणार?

"गुरुजी," ते मला म्हणाले, "हे तं दार सताड ठेवून घरचे गावाले गेल्यावानी आहे."

अक्षर दोन चिन्हांच्या मध्ये बसवावे आणि जुनी रीत बाद करावी, असा प्रस्ताव त्यांनी त्या भाषेचे नियम ठरवणाऱ्या मंडळींच्या इंटरनेटवरच्या चर्चागटात मांडला. देशोदेशीचे विद्वान आक्षेप घेत. साडभाऊ धानाच्या रोवणीचा चिखल धुऊन प्रत्येकाला क्रमवार उत्तर देत. दोन्ही रिती राहू द्या, असे कुणी सुचवले, तर ते चिडत: "एका कामाले दोन रिती कायले?" बाई म्हणत, "रोज परदेशात जाऊन भांडतेत, अन् पासपोर्टबी नाही लागत!" आपली एवढी एक खूण जगात राहावी, ही त्यांची इच्छा मला ठाऊक होती. काही वर्षांनी मंडळींचे मत वळले. संमती जवळजवळ ठरली.

त्या दिवसांत मी एकोडीलाच होतो. दूरदेशीच्या एका लहानशा ग्रंथालयातील बाईंचा निरोप चर्चागटात आला. त्यांची ग्रंथसूची जुन्या रीतीच्या प्रोग्रॅमवर चालत होती. तो लिहिणारे गृहस्थ वारले होते आणि दुरुस्त करणारे कोणी नव्हते. रीत बाद झाली तर आम्ही काय करावे, एवढेच त्यांनी विचारले होते.

आमच्याकडे तलावाचे पाणी धानाच्या एका बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यातून, खालच्या बांधीत उतरते. साडभाऊंनी तो निरोप पुन्हा वाचला. मग म्हणाले, "खालच्या बांधीवाल्याले विचारल्याबिगर वरच्यानं पाण्याची वाट नाही बदलवाची, गुरुजी."

"पण तुमचे म्हणणे बरोबर आहे!"

"बरोबर आहे न. म्हणूनच तं जीवावर येऊन राहिलं."

त्याच दुपारी त्यांनी प्रस्ताव मागे घेतला. एरवी टोमणा न चुकवणाऱ्या बाई त्यांच्यापाशी नुसता चहा ठेवून गेल्या.

गेल्या खेपेला आम्ही दोघे तलावाच्या पाळीवर बसलो होतो. प्रस्ताव पुन्हा मांडणार का, असे मी विचारले.

"त्या बाईचं ग्रंथालय चालू आहे तवरीक नाही जी," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "चालूच राहो."