आबांनी जाळी मागितली

मधमाश्यांत काम करणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. जिथे सूज, तिथे एक किस्सा! आमच्याकडेही पुष्कळ आहेत. पण मला पहिल्यांदा खटकलं ते अगदी बारीक होतं. चाळीस वर्षं उघड्या चेहऱ्याने मधपेट्या उघडणारे आबा एका सकाळी म्हणाले, "पोरी, ती तोंडावरची जाळी दे जरा."

मी दिली. का, ते विचारलं नाही.

*

मी आष्ट्याची, बीएस्सी झालेली. पाटणच्या वर, कोयनानगरच्या रस्त्यालगतच्या गावात मधपेट्यांच्या ट्रेनिंगला आले. शिकवणारे आबा, त्यांच्या हाताखाली शेजारच्या सुनंदावहिनी. पहिल्याच दिवशी मी वासाचं तेल लावून गेले. माश्या थेट केसांत! मी किंचाळत ओढ्यापर्यंत पळाले. मागून आबा सावकाश चालत आले.

"आगं, त्या फुलाकडं आल्या हुत्या. फूल पळाया लागलं म्हून त्यास्नीबी नवल वाटलं आसंल!"

*

आबांचे नियम साधे. हात झटकायचे नाहीत. पेटीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. माशी चिरडायची नाही, तिच्या वासाने बाकीच्या येतात. डसलीच, तर काटा चिमटीत धरायचा नाही, नखाने खरवडायचा.

मी मात्र कशालाही दचकते. झाकण वाजलं, दचकले. फोन वाजला, दचकले. वहिनी म्हणायच्या, "ही हाय तवर कुत्रं पाळायला नको!"

*

एकदा पाहणीला साहेब आले. काळा कोट, वर सेंट! आबा म्हणाले, "सायेब, कोट तेवढा काढा, काळं त्यास्नी खपत न्हाई." साहेबांनी ऐकलं नाही. मग गाडीच्या काचा लावून आतूनच पाहणी झाली. रिपोर्टात लिहिलं, 'माश्या समाधानकारक.'

*

जाळीचं कारण दोन दिवसांनी वहिनींकडून कळलं. मागच्या आठवड्यात हाताला एकच माशी डसली आणि आबांच्या अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. डॉक्टर म्हणाले, आता एकही डंख चालायचा नाही. आबांचा मुलगा दत्ता फौजेत. त्याने फोनवर वचन घेतलं, पेट्या वहिनींना द्यायच्या. आबांनी दिलं वचन. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्यांवर हजर, जाळी मागत!

"आवं, घरी बसा की," वहिनी माझ्यासमोरच त्यांच्याशी पुन्हा भांडल्या.

"घरी बसून काय करू? भिंतीला पोळं लागतंय व्हय?"

मग माझ्याकडे वळून हळूच, "दत्ताला बोलू नगंस. तिकडं बर्फात हाय त्यो. उगं घोर लागंल."

मी मान हलवली.

*

त्या दिवशी काम सुरळीत झालं. आबांनी जाळी काढली, हात धुतले, दोरीवरचा टॉवेल घेऊन तोंड पुसलं. टॉवेलच्या घडीत एक माशी बसलेली. एकच. मानेला डसली. आबांनी स्वतःच नखाने काटा खरवडला.

"डसली गं," एवढंच म्हणाले.

मी दचकलेसुद्धा नाही.

जीप मिळाली. पाटणपर्यंतच्या सगळ्या वळणांवर वहिनी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसल्या होत्या. दवाखान्यात पोचलो तेव्हा आबा गेलेले होते.

दत्ताचा नंबर फक्त आबांच्या फोनमध्ये होता. वहिनी म्हणाल्या, "तूच सांग बाई. माझ्यानं न्हाई व्हायचं." त्याच फोनवरून दुपारभर लावत राहिले. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. ऊन उतरल्यावर रिंग गेली. त्याने उचलला.

"बोला आबा! खरं सांगायचं हां, पेट्यांकडं गेला न्हाईत न्हवं?"